कळसूबाईची चढाई आणि प्रोस्टेटचा कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली आणि पायथ्याच्या बारी गावात भाताची कापणी आटोपत आली, की आमचा गट कळसूबाई चढतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरबद्दल लोकांनी बोलावं आणि ज्यांना उपचार झेपत नाहीत त्यांच्यासाठी चार पैसे जमावेत, म्हणून ही चढाई. नाव नोंदवायला येणारे जे विचारतात ते खाली दिलं आहे. प्रश्न डोंगराचे आहेत, आजाराचे आहेत आणि पैशांचेही आहेत.

चढाईने नेमकं काय साधतं?

आपल्याकडचा माणूस गुडघेदुखी चारचौघांत सांगतो, जेवणानंतरची शुगर किती आली तेही सांगतो. पण रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं, धार बारीक झाली आहे, हे तो कुणाला सांगत नाही. बायकोला ते ठाऊक असतं, कारण तिचीही झोप मोडते. तिने विषय काढला की उत्तर ठरलेलं: "वय झालं की होतंच."

बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ते वयामुळे आहे की आणखी कशामुळे, हे ठरवण्याचं काम डॉक्टरांचं आहे. ती भेट वेळेत व्हावी, एवढ्यासाठी आमचा सगळा खटाटोप आहे. निधी जमतो त्याचा आनंद आहेच, पण चढाईहून परतलेला एखादा काका आठवडाभरात यूरोलॉजिस्टची, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञाची, वेळ घेतो तेव्हा आम्हाला जास्त बरं वाटतं.

मग सभागृहात व्याख्यान का ठेवत नाही?

ठेवून पाहिलं. समोरच्या रांगांत महिला होत्या आणि ज्यांची तपासणी आधीच झाली आहे असे पुरुष. ज्यांनी यायला हवं होतं ते आलेच नाहीत. डोंगर म्हटलं की तेच लोक पहाटे साडेतीनला बॅग भरून तयार असतात.

दुसरं कारण आमच्या हळूहळू लक्षात आलं. समोरासमोर बसून जे बोलायला जीभ रेटत नाही, ते शेजारी शेजारी चालताना सहज निघतं. नजर पायाखालच्या दगडावर असते, दम लागलेला असतो, वाक्यं तुटक येतात आणि कुणाला ते वावगं वाटत नाही. मागच्या एका खेपेला पहिल्या शिडीच्या खाली लिंबू सरबत घेताना एका निवृत्त गृहस्थांनी अचानक सांगितलं, की त्यांच्या थोरल्या भावाची कंबर वर्षभर दुखत होती. शेक झाला, पट्टा झाला, तेल झालं. शेवटी कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला आहे. ऐकणारे सगळे त्याच वयाचे. सरबताचे पेले हातात तसेच राहिले आणि त्यानंतर शिखरापर्यंत दुसरा विषय निघाला नाही. आमच्यासोबतच्या डॉक्टरांना त्या दिवशी जेवढे प्रश्न आले तेवढे त्यांना दवाखान्यातही येत नसतील.

कळसूबाईच का? राज्यात सोपे डोंगर पुष्कळ आहेत.

१६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. "आम्ही कळसूबाई केलं" या वाक्याला गावात, ऑफिसात, सोसायटीत वजन आहे. लोक विचारतात "कशासाठी गेला होतात?" आणि मग सांगणाऱ्याला प्रोस्टेट हा शब्द तोंडातून काढावाच लागतो.

शिवाय हा डोंगर दोरी-कॅराबिनरवाल्यांपुरता नाही. बारी आणि आसपासच्या वाड्यांतली म्हातारी माणसंही देवीच्या दर्शनाला वर जातात. नवरात्रात तर वाटेवर रीघ असते. साठीचा माणूस तयारी करून, सावकाश, हा डोंगर चढू शकतो. अवघड आहे, पण आवाक्यातलं आहे. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

तिथे पोहोचायचं कसं?

बारी हे गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मुंबईकरांनी आणि नाशिककरांनी इगतपुरी किंवा घोटी गाठायचं, तिथून एसटी किंवा जीप. पुण्याहून येणारे संगमनेर-अकोले मार्गे येतात. आमची मंडळी आदल्या संध्याकाळी बारीत पोहोचतात आणि गावातल्या घरांतच मुक्काम करतात. जेवणात पिठलं, भाकरी, ठेचा, भात. थंडी चांगलीच असते, पांघरूण जास्तीचं आणा.

प्रोस्टेट म्हणजे नेमकं काय आणि ते असतं कुठे?

मूत्राशयाच्या बरोबर खाली असलेली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. ती फक्त पुरुषांना असते. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते, म्हणून ग्रंथी वाढली की नळीवर दाब येतो आणि धार बारीक होते.

उतारवयात ही ग्रंथी बहुतेकांची वाढते. ती वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि त्या वाढीचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं असंही नाही. मात्र एकाच माणसाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. म्हणून "माझी फक्त ग्रंथी वाढली आहे" हे स्वतःच ठरवून मोकळं होऊ नये.

लक्षणं कोणती?

इथे सगळ्यात मोठी अडचण आहे: सुरुवातीच्या काळात बहुधा लक्षण नसतंच. हा कॅन्सर बऱ्याचदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, नळीपासून दूर, त्यामुळे लघवीवर लगेच परिणाम होत नाही.

लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, अडखळत होणं, पुन्हा पुन्हा जावं लागणं, घाई होणं ही लक्षणं बहुतेकदा साध्या वाढीची असतात, पण दाखवायला हवीत. लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसलं तर एकदाच दिसलं म्हणून सोडून देऊ नका. कंबर, माकडहाड, खुबा किंवा पाठ सतत दुखत असेल, विशेषतः रात्री पडल्यावरही थांबत नसेल, तर पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाने हाडांच्या डॉक्टरांकडे प्रोस्टेटचा विषय स्वतःहून काढावा. आणि ज्याला हा आजार असल्याचं माहीत आहे त्याच्या पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर ती तातडीची वेळ आहे. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

धोका कुणाला जास्त?

वय हे पहिलं कारण. पन्नाशीनंतर धोका वाढत जातो. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल तर धोका दुपटीच्या आसपास जातो, आणि त्यांना तो कमी वयात झाला असेल तर आणखी वाढतो.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आई किंवा बहिणीला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कॅन्सर झालेला असेल, तर तोही घरातल्या पुरुषांनी डॉक्टरांना सांगायचा इतिहास आहे. बीआरसीए-२ या जनुकातला दोष मुलीत स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो, मुलात प्रोस्टेटचा. आपल्याकडे आईचा आजार "बायकांचा" म्हणून वेगळा ठेवला जातो आणि मुलगा आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही. चढाईच्या नोंदणी अर्जात आम्ही हा प्रश्न मुद्दाम घातला आहे. उत्तर आम्हाला द्यायचं नाही, घरी जाऊन विचारायचं.

पण हा तर पाश्चात्त्य देशांतला आजार ना?

आपल्याकडे प्रमाण त्यांच्यापेक्षा कमी आहे, हे खरं. पण माणसं जास्त जगू लागली की हा आजारही जास्त दिसतो, आणि आपली माणसं आता जास्त जगतात. मुंबई, पुणे, दिल्लीसारख्या शहरांच्या कॅन्सर नोंदणीत पुरुषांच्या कॅन्सरांमध्ये प्रोस्टेट वरच्या क्रमांकांत आहे. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात २०२० साली वर्षाला १४ लाख नवे रुग्ण होते, ते २०४० पर्यंत २९ लाख होतील, आणि ही वाढ प्रामुख्याने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत असेल. म्हणजे आपल्यासारख्या.

पीएसए चाचणी पन्नाशीनंतर प्रत्येकाने करायलाच हवी का?

या प्रश्नाला "हो" एवढंच उत्तर देणारी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. आम्ही ते उत्तर देत नाही.

पीएसए हे प्रोस्टेट तयार करते ते एक प्रथिन. रक्तात ते वाढलं की प्रोस्टेटमध्ये काहीतरी चाललं आहे एवढं कळतं. ते कॅन्सर असेल, साधी वाढ असेल, जंतुसंसर्ग असेल. उलट पीएसए कमी असूनही कॅन्सर असू शकतो. मिलिलिटरमागे चार नॅनोग्रॅमची जी मर्यादा लोकांच्या तोंडी असते ती दगडावरची रेघ नाही, वयाप्रमाणे अर्थ बदलतो.

युरोपात झालेल्या मोठ्या अभ्यासाचा २३ वर्षांचा पाठपुरावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएसए तपासणीला बोलावलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांना तपासणीला बोलवावं लागलं आणि १२ जणांचं जास्तीचं निदान झालं. फायदा आहे, खरा आहे. पण त्या १२ जणांपैकी काहींना असा मंद कॅन्सर सापडला असणार की ज्याने त्यांना आयुष्यभर त्रास दिला नसता. त्यांच्या वाट्याला काळजी आली, कदाचित नको असलेला उपचारही.

म्हणून आमचं म्हणणं असं: पन्नाशीला, आणि घरात इतिहास असेल तर पंचेचाळिशीला, डॉक्टरांसमोर बसा. फायदे-तोटे समजून घ्या आणि मग चाचणी करायची की नाही ते दोघांनी मिळून ठरवा. सत्तरीच्या पुढे, लक्षण काहीच नसताना, सरसकट चाचणीची शिफारस बहुतेक मार्गदर्शक तत्त्वं करत नाहीत. लक्षणं असतील तर हा हिशोब लागू नाही. तिथे चाचणी हा निदानाचाच भाग आहे.

मग पायथ्याशी मोफत पीएसए शिबिर का घेत नाही? रक्त काढायला कितीसा वेळ लागतो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तोही मनापासून मदत करू पाहणाऱ्या लोकांकडून. एका प्रयोगशाळेने फुकट किट देऊ केले होते, ते आम्ही आभार मानून परत केले.

एक तर, दमवणारा व्यायाम, विशेषतः सायकल चालवणं, आणि वीर्यस्खलन यांनंतर पीएसए तात्पुरता वाढू शकतो. दोन दिवस थांबून रक्त द्यायला सांगतात. लघवीचा संसर्ग झाला असेल तर साधारण सहा आठवडे थांबायचं. कळसूबाई उतरलेल्या माणसाचं रक्त तिथल्या तिथे काढणं म्हणजे चुकीच्या दिवशी केलेली चाचणी.

त्याहून मोठं कारण पुढचं आहे. शिबिरात नळी भरते, आठवड्याने व्हॉट्सॲपवर आकडा येतो: ७.२. शेजारी लाल अक्षरात 'हाय'. आणि पुढे? तो आकडा वाचून दाखवणारं कुणी नाही, एमआरआय कुठे करायचा हे सांगणारं कुणी नाही. माणूस रात्रभर जागतो, नाहीतर कागद घडी घालून कपाटात ठेवतो. दोन्ही वाईट. ज्या चाचणीच्या पुढची वाट आपण दाखवू शकत नाही ती चाचणी जत्रेत करू नये, असं आमच्यासोबतच्या डॉक्टरांचं ठाम मत आहे आणि ते आम्हाला पटलं आहे. त्याऐवजी आम्ही प्रत्येकाला एक पानाचा अर्ज देतो: वय, घरातला इतिहास, लक्षणं, चालू औषधं. तो घेऊन आपापल्या डॉक्टरांकडे जायचं. औषधांचा रकाना विसरू नका. ग्रंथीच्या वाढीवरचं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड हे औषध चालू असेल तर पीएसएचा आकडा जवळपास निम्मा दिसतो, आणि ते माहीत नसलेला डॉक्टर रिपोर्ट चांगला आहे असं समजू शकतो.

पीएसए वाढलेला आला. आता?

घाबरून दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची चौकशी करू नका. बहुधा काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा होते, डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. ही तपासणी मिनिटभराची असते. अवघडल्यासारखं होतं, पण दुखत नाही. या मिनिटभराच्या भीतीने लोक वर्षं घालवतात. मग गरजेप्रमाणे एमआरआय, आणि संशयाची जागा दिसली तर बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं.

बायोप्सीत कॅन्सर निघाला तर त्याची तीव्रता ग्लीसन स्कोअरने सांगतात. स्कोअर सहा, म्हणजे सौम्य, असेल तर बहुतेकदा उपचार न करता नियमित नजर ठेवली जाते: ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी. घरच्यांना हे पचत नाही. "कॅन्सर आहे आणि डॉक्टर नुसते बघत बसलेत?" असा फोन आम्हालाही येतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्यांना तीन गटांत विभागलं: नजर ठेवणं, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांनी या कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होतं. योग्य रुग्णासाठी थांबून पाहणं हीसुद्धा उपचाराची रीत आहे.

उपचारानंतर पुरुषत्व जातं का?

विचारणारे आवाज खाली करून विचारतात, म्हणून आम्ही इथे मोठ्याने उत्तर देतो. ऑपरेशननंतर आणि रेडिएशननंतरही ताठरता कमी होणं किंवा जाणं ही खरी शक्यता आहे. ऑपरेशननंतर काही काळ खोकताना, उठताना लघवीचे थेंब जातात, पॅड वापरावा लागतो. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचं पूर्ण सुधारत नाही. हार्मोन उपचारांत इच्छा कमी होते, अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, स्नायू आणि हाडं अशक्त होतात.

यांतल्या बऱ्याच गोष्टींवर औषधं, व्यायाम, उपकरणं आहेत. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून शिकवतात. पण विचारल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांकडे बायकोला बरोबर न्या. ती असली की जो प्रश्न तुम्ही गिळून टाकाल तो ती विचारते.

चढाई किती कठीण आहे? शिड्यांची भीती वाटते.

बारीतून अडीच ते पावणेतीन हजार फूट चढ आहे. नेहमी चालणाऱ्याला तीन तास, आमच्या गटाला चार ते पाच. सुरुवातीला शेतं आणि ओढा, मग खडी वाट, पायऱ्या, आणि वर कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या. शिड्या पक्क्या आहेत, बाजूला कठडे आहेत. त्रास उंचीपेक्षा गर्दीचा होतो. शनिवार-रविवारी रात्री चढणारे तरुणांचे जथे शिड्यांवर तुंबतात. म्हणून आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडताना निघतो. शिडी चढताना तीन गोष्टी पाळायच्या: एका वेळी दोघांत पाच-सहा पायऱ्यांचं अंतर, हातात काठी किंवा मोबाइल नाही, आणि वरच्याने खालच्याशी बोलायला मागे वळायचं नाही. शेवटच्या शिडीच्या आधी सपाटी आणि विहीर आहे, तिथे सगळ्यांची वाट पाहतो.

वरून अलंग, मदन, कुलंग ओळीत दिसतात, खाली भंडारदऱ्याचं पाणी. हवा स्वच्छ असली तर रतनगड, हरिश्चंद्रगडही ओळखू येतात.

सराव? महिना-दीड महिना आधीपासून रोज जिने. पुण्यात असाल तर पर्वती किंवा सिंहगड, नाशिकला पांडवलेणी. फक्त सपाटीवर चालून गुडघे तयार होत नाहीत, आणि खरा कस उतरताना लागतो.

वाटेत लघवीची सोय आहे का?

हा प्रश्न फार मोलाचा आहे आणि तो विचारायला अनेकांनी बायकोला फोन दिलेला आहे.

ज्यांना सारखं जावं लागतं ते डोंगरावर एकच युक्ती करतात: पाणी पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून बंद. मग उन्हात चढताना चक्कर येते, पायात गोळे येतात, आणि गडद झालेली लघवी जळजळ वाढवते. असं करू नका. घोट घोट पाणी प्यायचं, चहा-कॉफी मात्र आवरती घ्यायची.

आम्ही पहिल्या शिडीखाली, मधल्या टप्प्यावर आणि विहिरीजवळच्या सपाटीवर कापडी आडोसे उभारतो, पाण्याच्या वाटेपासून दूर. महिलांचे वेगळे. प्रत्येक गटाचा प्रमुख ठरावीक वेळाने स्वतः थांबतो आणि सगळ्यांना थांबवतो, त्यामुळे "माझ्यामुळे सगळे खोळंबले" असं कुणाला वाटत नाही. पॅड वापरत असाल तर जास्तीचे आणा. वापरलेले खाली न्यायला झाकणाची पिशवी आमच्याकडे मिळते. ती पिशवी गटप्रमुखाच्या पाठीवर असते, तुमच्या हातात नाही.

मला गोळ्या चालू आहेत. काही अडचण?

ग्रंथीच्या वाढीसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी असेल तर उभं राहताना रक्तदाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. सपाटीवर माणूस खुर्ची धरतो, शिडीवर काय धरणार? गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा, नुकतीच सुरू झाली असेल तर या वर्षी शिड्या टाळा, आणि बसल्या जागेवरून उठताना सावकाश.

दुसरं सर्दीच्या गोळ्यांचं. थंडीत नाक गळतं म्हणून दुकानातून आणलेल्या गोळीत नाक मोकळं करणारं औषध असतं, त्याने वाढलेल्या ग्रंथीच्या माणसाची लघवी अचानक पूर्ण तुंबू शकते. डोंगराच्या मध्यावर तुंबलेली लघवी म्हणजे यातना. सर्दीवर वाफ घ्या.

रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या अर्जात लिहा. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका.

माझ्यावरच या कॅन्सरचे उपचार चालू आहेत. मी येऊ का?

या, आम्हाला तुम्ही हवे आहात. पण तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय वर नेणार नाही. कॅन्सर हाडांत असेल किंवा हार्मोन उपचारांनी हाडं ठिसूळ झाली असतील, तर एक चुकीचं पाऊल महागात पडतं. अशा मंडळींना आम्ही शेतांतून, ओढ्यापर्यंत, सपाट वाटेवर नेतो. हार्मोन उपचार घेणाऱ्यांना नियमित चालणं आणि ताकदीचे व्यायाम खरोखर उपयोगी पडतात, फक्त ते रोज घराजवळ व्हायला हवेत. एक दिवस डोंगर चढून आजार टळतो किंवा बरा होतो, असा दावा आम्ही कधीच करत नाही.

महिला, तरुण, लहान मुलं चालतील?

महिला आवर्जून. निम्मी नावं त्याच नोंदवतात, स्वतःचं आणि "ह्यांचं". तरुण मुलांनी वडिलांना घेऊन यावं. चौदाच्या खालच्यांना नाही.

निधी कुठे जातो? तुमच्या खात्यात?

नाही. आमची नोंदणीकृत संस्था नाही, त्यामुळे आम्ही रोख घेत नाही, क्यूआर कोड फिरवत नाही. आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. प्रवास, मुक्काम, जेवण याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. देणगी ज्याने त्याने थेट रुग्णालयाच्या रुग्णसाहाय्य निधीत किंवा नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत भरायची आणि पावतीचा फोटो आम्हाला पाठवायचा. आम्ही एकूण बेरीज बारीच्या देवळात वाचून दाखवतो.

कुठे द्यावं असं विचारलंत तर आमचा कल राहण्या-जेवण्याच्या सोयीकडे आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशनचे, रेडिएशनचे, केमोथेरपीचे खर्च बसतात. पण रेडिएशनसाठी आठवडेच्या आठवडे रोज यावं लागतं. परळच्या टाटा मेमोरियलला आलेला जळगावचा किंवा लातूरचा शेतकरी रात्री कुठे झोपणार? बरोबर आलेल्या मुलाची मजुरी बुडते ती वेगळीच. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षं कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते आहे. अशा कामाला दिलेला रुपया उपचार अर्धवट सुटू देत नाही.

आयकरात सवलत मिळेल?

ज्या संस्थेला ८०जी मान्यता आहे तिलाच देणगी दिली असेल, आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल, तर मिळते. नव्या प्रणालीत नाही. २,००० रुपयांपुढची रोख देणगी धरत नाहीत. संस्थेकडून १०बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र मागून घ्या.

बॅनर, ढोल, ड्रोन आणू का?

हा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे आणि शिखरावर देवीचं देऊळ आहे. ढोल, स्पीकर, फटाके, फ्लेक्स काहीही नाही. छातीवर फिकट निळी फीत लावा, प्रोस्टेट कॅन्सरची ती खूण आहे. देवळाच्या घंटेला, कठड्याला फिती बांधू नका. प्लास्टिक वर नेलंत तर खाली आणा. जेवण, सरबत, काकडी गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर घ्या आणि घासाघीस करू नका, ते सामान त्यांनी डोक्यावरून वर आणलेलं असतं.

नोव्हेंबरात मिशा वाढवतात त्याच्याशी याचा संबंध आहे?

थेट नाही. ती मोहीम २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये सुरू झाली आणि आज पुरुषांच्या आरोग्यासाठी जगभर चालते. प्रोस्टेट जागृतीचा महिना बऱ्याच देशांत सप्टेंबर असतो, पण सप्टेंबरात कळसूबाईची वाट ओली आणि निसरडी असते. आमचा महिना पावसाने ठरवला.

बाबा ऐकतच नाहीत. "मला काही झालेलं नाही" म्हणतात.

तपासणीवरून सुरुवात करू नका. "आजोबांना काय झालं होतं, काकांना काय झालं?" असं विचारा. घराण्याच्या आजारांबद्दल बोलायला ते सहसा तयार असतात. मग सांगा, की हा इतिहास तुमच्याही डॉक्टरांना हवा आहे. मुलाच्या तब्येतीसाठी बाप चार पावलं पुढे टाकतो, स्वतःच्या तब्येतीसाठी टाकत नाही. सगळ्यांच्या देखत, जेवताना विषय काढू नका. भाजी आणायला जाताना, स्कूटरवर, पायी फिरताना काढा. आणि त्यांनी वेळ घेतलीच तर बरोबर जा, पण तपासणीच्या खोलीबाहेर थांबायची तयारी ठेवा.

आमच्या भागात असं करायचं असेल तर?

जरूर करा. ज्या डोंगराला तुमच्या भागात मान आहे तो निवडा: जोतिबा, ब्रह्मगिरी, अजिंक्यतारा, काहीही. उंची महत्त्वाची नाही. आमचा अर्ज, माहितीपत्रक, आडोशांची यादी घ्या, नाव आमचं नको. फक्त पीएसएबद्दलचा मजकूर तुमच्या भागातल्या यूरोलॉजिस्टकडून एकदा वाचून घ्या, आणि जमल्यास त्यांनाच चालायला बोलवा. व्यासपीठावर बसवू नका, मध्येच कुठेतरी रांगेत ठेवा.